खाली वस्ती नाही

मधुसूदन टाकळकर त्या दिवशी सिल्लोडला गेले ते मेव्हण्याला डबा द्यायला. मेव्हण्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, तिथल्याच एका दवाखान्यात होता. त्यांच्या बायकोनं, उमावहिनींनी, मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप असं बांधून दिलं, आणि हे ऑफिस सुटल्यावर मोटारसायकल काढून निघाले. साल दोन हजार सात. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे कर. आदल्या दिवशीची अवस, त्यामुळं रात्री चंद्र असायचा प्रश्न नव्हता.

टाकळकर कोण, ते तुम्हाला माहीत नसणार. तुमच्यातले निम्मे तेव्हा जन्मले नव्हते. आपल्या ह्याच हर्सूलच्या घरात, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. पाटबंधाऱ्याच्या खात्यात इंजिनिअर. त्यांचे आजोबा गावचे कुलकर्णी, हे शिकून साहेब झालेले, पण साहेबी अंगात नव्हती. नळाला पाणी आलं की आधी आमची टाकी भरू द्यायचे, मग स्वतःची. असला माणूस. त्या रात्री काय घडलं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः सांगितलं, खाली ओट्यावर बसून. मी माझं त्यात काही घातलेलं नाही.

पण ते कळायला एक वर्ष मागं जावं लागंल.

सिल्लोड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत हिवरखोरा नावाचं गाव आहे. गावाजवळ एक तलाव होता. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी डोक्यावर पाट्या वाहून केलेला. मातीची पाळ, आणि जादा पाणी निघून जायला एका अंगाला सांडवा. बाकी काही नाही. पाळीच्या खाली, ओढ्याच्या काठाला, गायरानावर तीन-चार घरं होती. कुडाची, वर पत्रे. कडूबा, त्याची बायको साळूबाई, आणि त्यांचे भाऊबंद. शेत कुणाला नव्हतं. गावात मजुरीला जायची ती माणसं.

त्या साली वरून हुकूम आला, की लहान लहान तलावांची सुद्धा धोक्याप्रमाणं वर्गवारी करायची. तलाव उद्या फुटलाच तर खाली काय काय जाईल, त्यावर वर्ग ठरायचा. खाली माणसं राहत असतील तर वरचा वर्ग. नुसती शेतं असतील तर खालचा. वरच्या वर्गात तलाव गेला, की पावसाळ्याआधी दुरुस्ती, सांडवा मोकळा करणं, ते होईपर्यंत पाणी उतरवून ठेवणं. आणि पाऊस चढला तर खालच्या लोकांना रात्री जाऊन उठवायला एक माणूस. खालच्या वर्गाला ह्यातलं काहीच नाही.

टाकळकर हिवरखोऱ्याला गेले ते उन्हाळ्यात. पाळ बघितली. खालच्या अंगानं ओल फुटली होती, सांडव्यात बाभळी माजल्या होत्या. मग घरं किती लांब आहेत ते बघायला ते ओढ्यात उतरले. साळूबाईनं त्यांना खाटेवर बसवलं, कोरा चहा दिला. काय लिहून नेता म्हणून विचारलं. ह्यांनी सांगितलं, तलावाखाली कोण कोण राहतं ते लिहायचं आहे, म्हणजे पाणी वाढलं तर तुम्हाला उठवायला सरकारचा माणूस येईल. बाईला बरं वाटलं.

"मंग आमचं समद्यांचं लिवा, साहेब," ती म्हणाली. "आमचं नाव आजून कुठंच नाय लागलेलं."

"लिहितो," हे म्हणाले.

आणि त्या वेळी ते खरंच लिहिणार होते.

त्या संध्याकाळी त्यांचं जेवण तात्यासाहेबांकडं झालं. तात्यासाहेब म्हणजे गावातला वजनदार माणूस. वाईट नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, की पाणी उतरवलं तर साऱ्या गावाची अद्रक वाळून जाईल, आणि ती घरं तर गायरानावरची, सरकार आज ना उद्या उठवणारच. ऑफिसात वरच्या साहेबांनीही तेच ऐकवलं. अतिक्रमणाला कुणी वस्ती म्हणत नसतं, नसती भानगड अंगावर घेऊ नका. टाकळकर काही दिवस घुटमळले. मग एका दुपारी, चहावाला यायची वाट बघता बघता, त्यांनी हिवरखोऱ्याच्या पुढं लिहून टाकलं, खाली वस्ती नाही. तलाव खालच्या वर्गात गेला. चहा आला, तो पिऊन ते दुसऱ्या कामाला लागले.

त्याच वर्षी, पोळ्याच्या करीला, दिवसभर पाऊस कोसळत राहिला. सांडवा बाभळींनी तुंबलेला, पाण्याला जायला वाट नाही. रात्री पाणी पाळीवरून जायला लागलं आणि दिवस उगवायच्या आत पाळ फुटली. गाव उंचावर, गावाला काही झालं नाही. खालची घरं… घरं कुठं होती ते सुद्धा ओळखू येईना. कडूबा गेला, साळूबाई गेली, सून, लेकरं, सगळे झोपेत गेले. त्यांना उठवायला कुणी गेलं नव्हतं. कुणी जायचंच नव्हतं.

चौकशी झाली. कागदाप्रमाणं खाली वस्ती नव्हती, त्यामुळं चूक कुणाचीच नव्हती. मावेजा, म्हणजे भरपाई, तीही कुणाला नाही, कारण नसलेल्या वस्तीत माणसं मेली कशी? टाकळकरांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

पण पंचनाम्याच्या दिवशी ते तिथं हजर होते. साळूबाईची लेक, आवडाबाई, पाचोडला दिलेली, ती आली होती. चिखलात नुसती इकडून तिकडं फिरत होती. हे साहेब दिसतात म्हणून ती ह्यांच्याजवळ आली.

"माझ्या आयचं घर कुठं व्हतं, तेवढं दावता का?"

टाकळकरांना जागा माहीत होती. चूल कुठं होती, खाट कुठं टाकली होती, सगळं माहीत होतं. उभे होते तिथून हात लांब करून दाखवता आलं असतं.

"मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले.

मला हे सांगताना त्यांचा आवाज बसला. पुढचं सारं सांगताना बसला नाही. एवढंच सांगताना बसला.

त्यानंतरचं वर्ष मी डोळ्यांनी बघितलंय. माणूस आतून पोखरल्यासारखा झाला. जेवायला बसले की ताटाकडं बघत राहायचे. रात्री पाऊस लागला की इथं, ह्या गच्चीवर येऊन भिजत उभे राहायचे. वहिनींनी विचारलं तर काही नाही म्हणायचे. आम्हाला वाटायचं, पोटाचा काही आजार असंल, अंगावर काढत असतील.

आता त्या रात्रीकडं या.

मेव्हण्याला जेवू घालून, गप्पा मारून निघायला उशीर झाला. आळंदच्या पुढं पुलावर ट्रक आडवा पडलेला, दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग. एका पोलिसानं मोटारसायकलवाल्यांना सांगितलं, आतल्या रस्त्यानं काढा. आतला रस्ता म्हणजे हिवरखोऱ्याचा. वर्षभरात ते त्या रस्त्याला फिरकले नव्हते. ट्रक निघतो का बघत ते बराच वेळ थांबले. बाकीचे एकेक करून निघून गेले. घरी वहिनी आणि मीनाक्षी दोघीच. मीनाक्षी, त्यांची मुलगी, तेव्हा पाचवीत होती. शेवटी त्यांनी गाडी वळवली.

त्या साली पाऊस ओढ देऊन बसला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी मका माना टाकून उभी. गाव आलं, गाव झोपलेलं होतं. गाव मागं पडलं. पुढं उतार, उताराच्या तळाला तो ओढा, आणि ओढ्यावर फरशी. म्हणजे पूर आला की पाणी वरून जातं असला बुटका पूल. ओढा कोरडा ठणठणीत होता.

वळण घेतलं आणि त्यांना उजेड दिसला.

ओढ्याच्या काठाला. रॉकेलच्या चिमण्यांचा असतो तसा, पिवळा, बारीक. तीन-चार ठिकाणी.

पहिल्यांदा त्यांना बरंच वाटलं, म्हणाले. कुणी नवीन लोक येऊन राहिले असतील. जागा पुन्हा नांदती झाली. मनावरचं ओझं थोडं हललं. मग फरशीवर आले आणि गाडी बंद पडली.

किक मारली. पुन्हा मारली. मोबाइल काढला, रेंज नव्हती. गाडी बंद पडल्यावर रानातले आवाज ऐकू यायला लागतात ना… तसं काही आलं नाही. रातकिडा नाही. कुत्रं नाही. एवढी घरं, आणि कुत्रं नाही.

चुलीपुढं एक बाई बसली होती. पाठमोरी.

"या, साहेब," ती म्हणाली. "च्या ठिवलाय."

आवाज ओळखीचा होता.

मला जायचं नव्हतं, नानासाहेब, असं ते मला दोनदा म्हणाले. जायचं नव्हतं, पण पाय निघाले. खाट होती तिथंच होती. ते बसले. बाईनं न वळता हात मागं करून कप दिला. कप गार होता. आत चहा नव्हता, पाणी होतं. गढूळ. तो खाली ठेवायची त्यांची हिंमत होईना. तसाच धरून बसले.

"तेवढं आमचं लिवायचं ऱ्हायलं बघा."

रागानं नाही. तुमची आजी, येताना मीठ आणायचं राहिलं, असं म्हणते ना, तसं.

मग दारं उघडली. पत्र्याची दारं, आवाज न करता. आतून माणसं यायला लागली. कडूबा आला. त्याच्या मागं सून, कडेवर लेकरू. मग बाकीचे. चुलीच्या उजेडात येऊन ओळीनं उभे राहिले, शिरगणतीला उभे राहतात तसे. सगळ्यांची कापडं ओली. कित्येक दिवस पावसाचा थेंब नव्हता, आणि त्यांच्या पदरातून, धोतरातून पाणी गळत होतं.

टाकळकरांनी कप खाटेवर ठेवला. खिशात पेन होतं, कागद नव्हता. तळहातावर लिहायला लागले. कडूबा. साळूबाई. पुढचं नाव…

पुढचं नाव त्यांना माहीत नव्हतं. कुणाचंच नव्हतं. चहा पिऊन आले, आणि कुणाला नाव विचारलं नव्हतं.

त्यांनी वर बघितलं. सगळे थांबले होते. ते लेकरू सुद्धा.

आणि वरून आवाज आला.

डोंगराकडून. आधी बारीक. मोठ्या झाडाची पानं सळसळतात तसा. मग जाड झाला. इंजिनिअर माणूस… कसला आवाज आहे ते कळायला वेळ लागला नाही. पण वर पाळ नव्हती. वर्षापूर्वीच वाहून गेलेली. तलावाच्या जागी नुसती खडकाळ जमीन.

आवाज वाढला. दगडांवर दगड आपटायला लागले. पायाखालची जमीन थरथरायला लागली.

"चला," ते उठून म्हणाले. "अहो, वर चला. पाणी येतंय."

कुणी हललं नाही.

त्यांनी कडूबाचा हात धरला. ओढला. हात हातात आला… आणि राहिला नाही. बोटांतून गेला. चिखल होता.

"साळूबाई, चला ना. पाया पडतो तुमच्या."

मग ती वळली.

तोंड कसं होतं… ते त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"कुठं जावं, साहेब?" ती म्हणाली. "हितं वस्तीच नाय."

एक चिमणी विझली. मग दुसरी. मग…

ते पळाले. अंधारात, काट्यांतून, हातापायांवर चढ चढत. मागं बघितलं नाही. पाणी त्यांच्या मागून गेलं. त्यांनी ऐकलं. पत्रे फाटल्याचं ऐकलं. लाकूड मोडल्याचं ऐकलं. पण माणसाचा आवाज… एक नाही. कुणी ओरडलं नाही. तेच सहन होईना, म्हणाले. एकानं जरी हाक मारली असती.

मग सगळं थांबलं.

उजाडताना बन्सी नावाचा दूधवाला त्या रस्त्यानं आला. त्याला हे चढावर एका बाभळीला मिठी मारून बसलेले दिसले. दोन्ही तळहात काट्यांनी फाटलेले, रक्तात काही वाचता येण्यासारखं नव्हतं. खाली ओढा कोरडा. काठाला दगडगोटे आणि तरवडाची झुडपं. घर नाही, चूल नाही, खाट नाही. बन्सीनं ह्यांच्या गाडीला किक मारली, तर पहिल्या किकला चालू झाली.

वहिनींना वाटलेलं, रात्री दवाखान्यातच थांबले असतील. हे सकाळी आले आणि वर गेलेच नाहीत. खाली ओट्यावर बसले. मी दात घासत होतो. मला बोलावलं आणि सगळं सांगितलं, वर्षापूर्वीचं आणि रात्रीचं. मी आपली त्यांची समजूत काढली. म्हणालो, साहेब, झोप नाही, जेवण नाही, मनाला तेच लागून राहिलंय, भास झाला असंल. त्यांनी ऐकून घेतलं.

"भास असंल, नसंल," ते माझ्याच बोलीत म्हणाले. मग, "पण नानासाहेब, मी त्या बाईच्या हातचा चहा पिऊन आलो आणि लिहिलं, की तिथं कुणी राहत नाही."

आणि तसेच, त्याच कपड्यांवर, ऑफिसला निघून गेले.

तिथं त्यांनी लेखी दिलं. वस्ती होती, मला माहीत होती, मी जाणूनबुजून लिहिली नाही. वरच्या साहेबांनी सांगितलं, मिटलेलं उकरू नका, तुम्हीच अडकाल. ह्यांनी कागद मागं घेतला नाही. मग निलंबन झालं, चौकशी कितीतरी वर्षं चालली, नोकरी गेली ती गेलीच. आवडाबाईला मावेजा मिळाला, पण लई उशिरा. हे घर सोडून ते लोक पुण्याला गेले. अजून आहेत ते, लेकीकडं असतात.

पण पाचोडला ते त्याच आठवड्यात जाऊन आले. बाजाराचा दिवस होता. आवडाबाई भाजी घेऊन बसली होती. हे तिच्यापुढं धुळीत बसले आणि सगळं बोलून मोकळे झाले. तुझ्या आईचं घर कुठं होतं ते मला माहीत होतं, हे सुद्धा. रात्रीचं मात्र काही सांगितलं नाही. ती ऐकत होती. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. मग तिनं विचारलं,

"आयनं च्या दिला व्हता का तुमाला?"

"दिला होता."

ती भाजीवर पाणी मारायला लागली. हे उठून जाईपर्यंत तिनं मान वर केली नाही. मला मारलं असतं तरी चाललं असतं, असं ते मला म्हणाले.

आता एकच सांगायचं राहिलं. हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. वहिनींनीही सांगितलं नसावं.

त्या सकाळी ते ऑफिसला गेले, आणि थोड्या वेळानं उमावहिनींनी जिन्यातून मला हाक मारली. नानासाहेब, जरा वर येता का. आवाज अगदी हळू. मीनाक्षी शाळेत गेलेली. मला वाटलं, नळाचं काही असंल. वर गेलो. त्यांनी झोपायच्या खोलीचं दार ढकललं आणि बाजूला उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

भिंतीवर रेघ होती. चिखलाची. चारी भिंतींवरून, एका पातळीत, दोरी लावून ओढावी तशी. पूर ओसरल्यावर मागं राहते… तसली. तिच्यात काडीकचरा अडकलेला. मी बोट लावलं.

ओली होती.

खाली फरशी कोरडी. गादी कोरडी. पांघरुणं कोरडी, नुकती घडी घातलेली. जवळपास ओढा नाही, नाला नाही, आणि खोली वरच्या मजल्यावर.

रेघ पलंगाच्या हातभर वर होती.

वहिनी आणि मीनाक्षी… रात्रभर तिच्या खाली झोपल्या होत्या.